ईस्टरचे घोडेस्वार आणि बेकरीतली भाषा

तुम्ही लिहिलंय की यंदा ईस्टरला जर्मनीच्या पूर्वेकडल्या बाउत्सेनला गेला होतात. काळे कोट, उंच टोप्या, सजवलेले घोडे आणि न कळणाऱ्या भाषेतली भजनं. शेजारी उभे असलेले जर्मन गृहस्थ म्हणाले, "हे सॉर्ब. स्लाव लोक आहेत. भाषा मात्र आता फार तर एक पिढी." त्यावरून तुमचा प्रश्न असा: ना स्वतःचा देश, ना राज्य, चहूबाजूंनी जर्मन. असे साठेक हजार लोक हजार वर्षं टिकले कसे? आणि ते गृहस्थ म्हणाले ते खरं का?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी सांगतेय त्याला किती किंमत द्यायची ते तुम्हालाच ठरवता येईल. मी सतरा वर्षं ड्रेस्डेनला राहते. द्विभाषिक बालवाड्यांतल्या शिक्षिकांना प्रशिक्षण देण्याचं काम करते, त्यामुळे महिन्यातून एक-दोनदा सॉर्ब गावांत जाणं होतं. मी सॉर्ब नाही आणि इतिहासतज्ज्ञ तर नाहीच. सोर्बियन वाचता येते, ऐकलेली बरीचशी कळते, बोलताना द्विवचनात हमखास पडते. हो, या भाषेत द्विवचन अजून जिवंत आहे. शाळेत 'रामः रामौ रामाः' घोकताना आपल्याला वाटायचं, हे 'रामौ' कोण बोलत असेल? इथे चार वर्षांची पोरं बोलतात. एका बालवाडीत मी एका मुलाला म्हटलं, "चल, आपण हात धुऊ," आणि सवयीने बहुवचनातलं 'आपण' वापरलं. त्याचा उच्चार गंमत म्हणजे जवळजवळ आपल्या 'मी'सारखा आहे. तो मुलगा थांबला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "मुय." म्हणजे आपण दोघं. तिसरं कोण आहे इथे, असा त्याचा चेहरा.

आता प्रश्नाकडे. 'किती लोक' हा आकडा तुम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवावा असं मला वाटतं. साठ हजार हा अंदाज आहे. जर्मनीत जनगणनेत कुणाला 'तुम्ही सॉर्ब का' असं विचारत नाहीत, आणि कायद्याने जो स्वतःला सॉर्ब म्हणवतो तो सॉर्ब. कुणी त्याची शहानिशा करायची नाही. नाझी काळानंतर हे तत्त्व का आलं ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे ज्याची आजी सोर्बियन बोलायची आणि ज्याला स्वतःला 'दोब्री जेन' (म्हणजे शुभ दिवस, 'जेन' हा आपल्या 'दिन'चाच चुलतभाऊ) याच्या पुढे काही येत नाही, तोही त्या साठ हजारांत, आणि रोज शेतावर, घरी, चर्चमध्ये हीच भाषा बोलणाराही त्यातच. १८८०च्या दशकात आर्नोश्त मुका या शिक्षकाने गावोगाव फिरून मोजदाद केली होती तेव्हा आकडा भरला होता सुमारे १ लाख ६६ हजार. म्हणजे उतरण आहे, ती कुणी नाकारत नाही. खरा प्रश्न असा की ही उतरण सगळीकडे सारखी का नाही.

कारण सॉर्बांचा मुलूख, लाउझित्स (सोर्बियनमध्ये वुझित्सा), हा एक प्रदेश असला तरी आत दोन भाषा आहेत आणि त्यांची नशिबं वेगळी आहेत. दक्षिणेला, सॅक्सनी राज्यात, बाउत्सेनच्या आसपास वरची सोर्बियन. उत्तरेला, ब्रांडेनबुर्ग राज्यात, कॉटबुसच्या आसपास खालची सोर्बियन. वरची भाषा बोलणारे आजही हजारोंनी आहेत. खालचीचे किती ते 'बोलणारा' कुणाला म्हणायचं यावर ठरतं: आईकडून शिकलेले मोजले तर बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे, शाळेत शिकलेले धरले तर आकडा वाढतो. आणि वरच्या भागातही खरी दाट वस्ती एका छोट्या तुकड्यात आहे, बाउत्सेन आणि कामेंत्स या दोन शहरांच्या मधल्या कॅथलिक पट्ट्यात. क्रॉस्टवित्स, राल्बित्स, पान्शवित्स-कुकाउ ही तिथली गावं. तुम्ही पाहिलेले घोडेस्वारही याच लोकांतले.

हा तुकडाच का टिकला, याचं उत्तर मला स्वतःला पटायला वेळ लागला, कारण ते अपेक्षेच्या उलट आहे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे ख्रिस्ती धर्मात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट अशी फूट पडली तेव्हा, बहुतेक सॉर्ब प्रॉटेस्टंट ल्यूथरच्या बाजूने गेले. ल्यूथरचा आग्रह होता की देवाचं वचन लोकांच्या भाषेत पोचलं पाहिजे, त्यामुळे सोर्बियन लिहिली जाऊ लागली ती प्रॉटेस्टंटांमुळे. मिक्लाउश याकुबित्सा याने १५४८ मध्ये नव्या कराराचं भाषांतर हातांनी लिहून काढलं. १५७४ मध्ये पहिलं छापील पुस्तक आलं, भजनांचं आणि धर्मशिक्षणाचं. म्हणजे भाषेला ग्रंथ मिळाला तो यांच्याकडे. आणि भाषा विझत गेली तीही यांच्याकडेच.

कॅथलिक राहिले ते संख्येने थोडे. पण त्यांच्या गावांची जमीनदार होती मारियेनश्टेर्नची भिक्षुणींची मठी, १२४८ पासूनची, आजही चालू आहे. त्यांचे पाद्री प्रागच्या सोर्बियन सेमिनरीत तयार होऊन परत येत, आणि सोर्बियनच बोलत. आणि सर्वांत साधी गोष्ट: सभोवतालचे जर्मन ल्यूथरन. कॅथलिक मुलगी त्यांच्या घरात द्यायची नाही, त्यांची आणायची नाही. म्हणजे लग्नं आपल्यातच, घरात आई आणि बाप दोघांचीही भाषा एक. ल्यूथरन सॉर्बाला अशी आडकाठी नव्हती; शेजारचा जर्मन त्याच बाकावर बसून तीच प्रार्थना म्हणत होता, फक्त दुसऱ्या भाषेत. त्यातून १८१५ च्या व्हिएन्ना तहानंतर उत्तरेचा सगळा भाग प्रशियाकडे गेला, शाळा जर्मन झाल्या, जुना सोर्बियन पाद्री निवृत्त झाला की जागी जर्मन येऊ लागला. खालच्या लाउझित्समध्ये सोर्बियन प्रार्थना पूर्ण थांबली होती, ती १९८७ मध्ये डिसेन गावात पुन्हा सुरू झाली.

यातून 'धर्माने भाषा वाचवली' असा निष्कर्ष लोक काढतात. मी तसं म्हणणार नाही. धर्माने एक जागा राखून ठेवली, जिथे दुसरी भाषा आणायचं कारणच नव्हतं, एवढंच. माझ्या कामातून मला हेच पुन्हा पुन्हा दिसतं. भाषा येणारे किती यापेक्षा, जिथे ती 'ठरवून' बोलावी लागत नाही अशा जागा किती उरल्या, यावर सगळं चालतं. ठरवून बोललेली भाषा थकवते. सकाळी सात वाजता मुलाचे मोजे शोधताना कुणी सांस्कृतिक कर्तव्य बजावत नाही. जी तोंडात येते ती बोलतो.

आणि या जागा कशा जातात, ते मी स्वतःच्या चुकीतून पाहिलंय. पहिल्याच वर्षी एका सॉर्ब सहकारिणीने वाढदिवसाला घरी बोलावलं. मी दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा आत हसणं-बोलणं सोर्बियनमध्ये चाललं होतं. टेबलाभोवती अकरा माणसं. मी "गुटेन टाग" म्हटलं आणि अकराच्या अकरा जण वाक्याच्या मधोमध जर्मनवर आले. कुणी कुणाला खूण केली नाही. केक कापून झाला, कॉफी झाली, आजीबाई नातवाला रागावल्या, तेही जर्मनमध्ये. मी असेपर्यंत, साडेतीन तास. एका बाहेरच्या माणसाने, काही न करता. परत येताना मला कौतुकच वाटत होतं, किती सभ्य माणसं! हा सभ्यपणाच भाषेचा घात करतो हे कळायला मला पुढे दोन वर्षं लागली. कारण १९४५ नंतर पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन निर्वासित याच गावांत येऊन राहिले, मग प्रत्येक टेबलावर, प्रत्येक गोठ्यात, शेतीच्या प्रत्येक सहकारी टोळीत एक तरी 'मी' होतेच. तुम्ही मुंबईच्या असाल तर हे मी जास्त समजावत नाही. चार मराठी माणसांत एक अमराठी आला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. फरक एवढाच की आपल्यामागे कोट्यवधी आहेत.

आता राजकारण, थोडक्यात, कारण त्यावर वाचायला भरपूर मिळेल. सॉर्ब संघटनांची शिखर संस्था दोमोविना (मायभूमी) १९१२ मध्ये होयर्सवेर्डाला स्थापन झाली. नाझींनी १९३७ मध्ये तिच्यावर बंदी घातली, वर्तमानपत्रं बंद केली, सॉर्ब शिक्षक आणि पाद्री उचलून दूर जर्मन मुलखात पाठवले. आलोइस आन्द्रित्स्की हा तरुण सॉर्ब पाद्री १९४३ मध्ये दाखाउच्या छळछावणीत मारला गेला. मग सोव्हिएत ताबा आणि त्यातून कम्युनिस्ट पूर्व जर्मनी आली, आणि त्या राजवटीचा हिशेब दुहेरी. १९४८ मध्ये सॅक्सनीत सॉर्बांच्या हक्कांचा कायदा, सोर्बियन शाळा, नाटक, प्रकाशनसंस्था, दोन भाषांतल्या पाट्या, हे सगळं त्या काळातलं. पण त्याच राजवटीने १९६४ मध्ये शाळेतली सोर्बियन ऐच्छिक केली आणि पटसंख्या झपाट्याने कोसळली. आणि त्याच राजवटीला कोळसा हवा होता.

कोळशाबद्दल मात्र थोडं थांबून सांगते, कारण बाहेरून येणाऱ्यांना हा भाग दिसत नाही. लाउझित्सखाली लिग्नाइट आहे, उघड्या खाणीतून काढायचा. म्हणजे वर जे असेल ते सगळं उचलायचं: शेत, जंगल, चर्च, कबरी. गेल्या शंभर वर्षांत सुमारे १३० गावं पूर्ण किंवा अर्धी अशी गेली, त्यांतली कित्येक सॉर्ब. शेवटचा मोठा लढा होर्नो (सोर्बियनमध्ये रोगोव) या गावाचा. ब्रांडेनबुर्गच्या घटनेत सॉर्बांच्या वस्तीच्या प्रदेशाला संरक्षण आहे, तरी गाव हरलं. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही २००० मध्ये अर्ज फेटाळला. लोकांना फोर्स्टजवळ नवी घरं मिळाली, चांगली, गरम पाण्याची. २००४ मध्ये जुनं चर्च पाडलं. भरपाई कमी मिळाली अशी तक्रार मी फारशी ऐकली नाही. दुसऱ्याच एका गावातून हललेल्या आजींनी मला सांगितलं ते वेगळं होतं: "जुन्या घरात अंगणातून शेजारणीच्या अंगणात जायला फाटक नव्हतं. इथे तिच्याकडे जायचं तर बेल वाजवावी लागते." भाषा फाटक नसलेल्या अंगणात राहते. बेल वाजवून आत गेलेला माणूस जर्मन बोलतो.

इथवरचं एका वाक्यात बांधायचं तर: टिकले ते हट्टाने कमी आणि रचनेमुळे जास्त. आणि ती रचना, म्हणजे एकाच धर्माची, एकाच गावातली, शेतीवरची माणसं, आता कॅथलिक पट्ट्यातही सैल होतेय. लग्नं मिश्र होतात, तरुण ड्रेस्डेन-बर्लिनला जातात, चर्चमधले बाक रिकामे होतायत. म्हणून 'आजवर टिकले तर पुढेही टिकतील' हा युक्तिवाद चालत नाही. पुढे टिकायचं तर ती जागा मुद्दाम बांधावी लागेल. इथे माझं काम येतं.

१९९८ मध्ये कॉटबुसजवळच्या झीलो गावात 'वितै' (या, स्वागत) नावाचा प्रयोग सुरू झाला, फ्रान्समधल्या ब्रेटन लोकांच्या शाळांवरून कल्पना घेऊन. घरी जर्मन बोलणारं मूल, पण बालवाडीत शिक्षिका त्याच्याशी फक्त सोर्बियन बोलते. शिकवत नाही, बोलते. जॅकेट घाल, सूप गरम आहे, भांडू नका. वर्षभरात मूल सगळं समजतं, हे मी शंभरदा पाहिलंय आणि अजूनही थक्क होते. पण समजणं आणि बोलणं यात खंदक आहे. शिक्षिका वळली की मुलं आपापसात जर्मनवर येतात, कारण खेळाची भाषा शिक्षिका ठरवत नाही, गटातलं दांडगं मूल ठरवतं. म्हणून मी प्रशिक्षणात एकच गोष्ट लावून धरते: घरी सोर्बियन बोलणारी निदान तीन-चार मुलं एका गटात ठेवा, त्यांना 'सगळीकडे थोडी थोडी' वाटून टाकू नका. कॅथलिक पट्ट्यात हे जमतं. कॉटबुसकडे अशी मुलंच मिळत नाहीत, तिथे सगळा भार एका शिक्षिकेवर, आणि ती आजारी पडली की त्या आठवड्यात खालची सोर्बियन बोलणारं कुणी नसतं.

शिक्षक हाच आजचा खरा तुटवडा आहे. पैसा तुलनेने आहे: १९९१ पासून सॉर्ब लोकांसाठी एक स्वतंत्र प्रतिष्ठान आहे, केंद्र आणि दोन्ही राज्यं मिळून त्याला वर्षाला सुमारे २.४ कोटी युरो देतात. पण पैशाने थिएटर चालतं, पुस्तकं छापता येतात, पाट्या लावता येतात. बावीस वर्षांची, सोर्बियनमध्ये गणित शिकवू शकणारी आणि खेड्यात राहायला तयार असणारी मुलगी पैशाने तयार होत नाही; ती वीस वर्षांपूर्वी कुणीतरी घरात वाढवलेली असावी लागते. म्हणून २००१ मध्ये क्रॉस्टवित्सच्या शाळेत पाचवीला वीसऐवजी सतराच मुलं भरली म्हणून राज्याने तो वर्ग नाकारला तेव्हा गाव पेटून उठलं. पालकांनी मुलांना तिथेच बसवलं, निवृत्त शिक्षकांनी काही आठवडे फुकट शिकवलं. दोन वर्षांनी शाळा बंद झालीच. तीन मुलांचा फरक! राज्याच्या हिशेबात तो एक वर्ग होता. गावाच्या हिशेबात वीस वर्षांनंतरच्या शिक्षिका त्या वर्गात बसल्या होत्या.

घोडेस्वारांबद्दल तुम्ही विचारलंय की हा नुसता देखावा आहे का. नाही, निदान अजून नाही. नऊ मिरवणुका निघतात, सगळे मिळून दीडेक हजार स्वार, एका गावातून शेजारच्या गावात पुनरुत्थानाची वार्ता घेऊन जायचं. पहिल्यांदा स्वार झालेल्याच्या छातीवर हिरवी माळ, पंचविसाव्या वेळी चंदेरी, पन्नासाव्या वेळी सोनेरी. गावात आता शेतीचे घोडे नाहीत, ते लांबून भाड्याने आणतात, खर्च येतो, तरी आणतात. कुणी पर्यटन खात्याने सांगितलं म्हणून माणूस पन्नास वर्षं असं करत नाही. (बायका स्वार होत नाहीत. त्या आदल्या रात्री घोड्यांच्या आयाळी गुंफतात आणि तीस माणसांच्या नाश्त्याची तयारी करतात. त्यावर माझं मत आहे, पण ते इथे नको.) उलट कॉटबुसजवळच्या श्प्रेवाल्डमध्ये, कालव्यांतून नावेने फिरताना पांढऱ्या रुंद टोपीतली मुलगी काकडीचं लोणचं विकते, तिथे पोशाख आहे आणि खाली भाषा नाही. तरी मी त्या मुलीला हसत नाही. मेणाने नक्षी काढलेली अंडी, २५ जानेवारीचं पक्ष्यांचं लग्न, यांतून एखादीला कुतूहल वाटतं आणि ती विशीत भाषा शिकायला येते, अशा दोन जणी आज माझ्या वर्गात शिक्षिका म्हणून बसतात.

मग ते गृहस्थ बरोबर म्हणाले का? खालच्या सोर्बियनबद्दल, घरातून घरात जाणारी भाषा या अर्थाने, बहुतांशी हो. ती पुढे राहिली तर शाळेत शिकून घेतलेली भाषा म्हणून राहील, उच्चार थोडे जर्मन, व्याकरण पुस्तकी. हे मरण नव्हे, पण तीच गोष्टही नव्हे. वरच्या सोर्बियनबद्दल मी त्यांच्याशी सहमत नाही. तिच्यात रोजचं वर्तमानपत्र निघतं, बाउत्सेनला तिचं हायस्कूल आहे, तरुण तिच्यात एकमेकांना मेसेज करतात, चुका करून, जर्मन शब्द घुसडून. शुद्धतावाद्यांना त्रास होतो. मला त्यात जीव दिसतो. किती काळ, ते दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे: कॅथलिक पट्ट्यातल्या गावांत तरुण कुटुंबं राहतात की जातात, मिश्र लग्नातला जर्मन जोडीदार भाषा शिकतो की निदान घरात ती चालू देतो, आणि कोळसा २०३८ पर्यंत संपल्यावर तिथे कोणतं काम येतं. यातलं काहीही दोमोविनाच्या हातात नाही.

एक छोटी गोष्ट मात्र नुकतीच झाली, ती सांगून टाकते. सोर्बियनमध्ये नोवाकची बायको नोवाकोवा होते, पण जर्मन कागदपत्रांत आजवर ती नोवाकच. मे २०२५ पासून नाव-कायद्यातल्या बदलाने सॉर्ब स्त्रीला आपल्या भाषेतलं रूप अधिकृत लावता येतं. एक सहकारी दुसऱ्या दिवशीच नोंदणी कार्यालयात गेली. तिच्या दारावरच्या बेलवर आता ते नाव आहे, आणि टपालवाला ते चुकीचं उच्चारतो, पण उच्चारतो.

तुम्ही 'आम्ही बाहेरचे काय करू शकतो' असंही विचारलंय. पुढच्या वेळी ईस्टरला जाऊ नका. साध्या मंगळवारी जा. आधी राल्बित्सच्या दफनभूमीत, तिथे सगळे क्रूस एकसारखे, पांढरे, श्रीमंत-गरीब फरक नाही, आणि प्रत्येकावर सोर्बियनमध्ये 'इथे विसावले आहेत' असं लिहिलेलं. मग दुपारी शाळा सुटायच्या सुमाराला एखाद्या गावच्या बेकरीत उभ्या राहा. 'दोब्री जेन' म्हणा. काउंटरमागची बाई तुमच्याकडे पाहून नक्कीच जर्मनवर येईल, तेव्हा एवढंच सांगा की तुम्ही सोर्बियनमध्ये बोला, मला नाही कळलं तरी चालेल. मग बाजूला सरका आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाशी काय बोलते ते ऐका.